झोपलेल्या माणसाला ओलांडू नये

आमच्या धुळ्याच्या गल्लीतल्या बायका हल्ली माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या डाव्या पायाशी बोलतात. "आते कसा शे?" असं विचारतात आणि नजर खाली नेतात. पायाला बोलता येत नाही म्हणून मीच सांगते. बरा आहे. संध्याकाळी फुगतो, सकाळी उतरतो. फार उभं राहवत नाही. हे सांगून सांगून माझी जीभ दमली, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे. शिवाय आपल्याकडची मुलं आता शिकायला विलायतेला जाऊ लागली आहेत. आज ना उद्या त्यांच्यामागे त्यांच्या आयाही विमानात बसतील, आणि त्या माझ्याइतक्याच शहाण्या असतील अशी मला भीती आहे.

मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. पायांबद्दलचं माझं शिक्षण मात्र घरातलंच. पाय उंबऱ्यावर देऊ नये, पुस्तकाला लावू नये, मोठ्यांच्या दिशेनं पसरू नये. म्हणजे इतरांना आपल्या पायांपासून सांभाळायचं. पायांनाही सांभाळावं लागतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

जाणं आणि येणं

भास्कर, माझा एकुलता एक मुलगा, गिरणीतर्फे विलायतेला सूत काढायची नवी यंत्रं शिकायला गेला होता. लग्नाची हळद उतरली न उतरली तोच गेला. सून सिंधू शिंदखेड्याची. तिच्या वाट्याला नवरा आला तो निम्माअर्धा पत्रांतूनच.

एक दिवस तार आली. भास्करच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, तब्येत गंभीर आहे. बोटीनं जायचं म्हटलं तर पोचेपर्यंत काय ते होऊन गेलं असतं. आमच्या यजमानांना, सगळे त्यांना नाना म्हणतात, हृदयाचा त्रास, त्यांना डॉक्टर सोडेनात. मला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. गिरणीवाल्यांनी तिकिटाचं पाहिलं आणि मी चार पंख्यांच्या विमानात जाऊन बसले.

जाताना मला काहीच झालं नाही, हे लक्षात ठेवा. पोराच्या काळजीनं मी एका जागी बसतच नव्हते. उठत होते, दोन ओळींमधल्या वाटेनं येरझारा घालत होते, विमानातल्या मुलीला दर थोड्या वेळानं "अजून किती" विचारत होते. ती वैतागली असेल. पण माझे पाय त्या येरझारांनीच वाचवले.

पोरगा वाचला. तो हिंडूफिरू लागल्यावर मी परत निघाले. आता काळजी नव्हती, आणि घात तिथंच झाला. भास्करनं मला नवे कातडी बूट घेऊन दिले आणि जाड लोकरी मोजे. मोज्यांना गुडघ्याखाली रबरी पट्टा, असा घट्ट की पोत्याचं तोंड आवळावं तसा. "आई, विमानात गारठा असतो," म्हणाला. लेकाच्या मायेला घट्ट कसं म्हणायचं? घातले.

जागा खिडकीजवळची मिळाली. मला लोंबकळत्या पायांनी बसवत नाही. मांडी घालायला जागा नव्हती म्हणून डावा पाय मुडपून अंगाखाली घेतला आणि त्यावर बसले. शेजारी एक थोराड म्हातारा साहेब होता. त्यानं मला वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं, एक गोळी गिळली, पाय पुढच्या खुर्चीखाली लांब केले आणि झोपी गेला. मधली वाट त्याच्या पलीकडे.

आता आमच्याकडची रीत. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये. ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते. चुकून ओलांडलंच तर तसंच उलट ओलांडून परत यायचं, म्हणजे दोष फिटतो. जामनेरला माझ्या माहेरी पोरंसोरं ओळीनं झोपायची तेव्हा आम्ही भिंतीला पाठ घासत जायचो, पण ओलांडायचो नाही. साहेब साठीच्या पुढचा. त्याची कसली वाढ खुंटायची राहिली होती? पण अंगात मुरलेलं असं विचारून थोडंच थांबतं.

मग त्याला उठवायचं होतं, असं सगळे म्हणतात. झोपमोड करणं हेही आमच्यात पापच. इंग्रजीत मार्दवानं कसं म्हणावं ते मी मनातल्या मनात जुळवत होते, पण वाक्य जुळेपर्यंत तो घोरायला लागायचा. विमान वाटेत तेल घ्यायला उतरलं. पहिल्या ठिकाणी सगळ्यांना खाली उतरवलं, तेव्हा चार पावलं चालले. त्यानंतर निजलेल्यांना कोणी उठवलं नाही आणि त्याच्यामागे मीही अडकले. उठायची गरजच पडू नये म्हणून मी पाणी प्यायचं सोडलं. ती मुलगी पेला घेऊन यायची, मी मान हलवायची. उपासतापास केलेल्या बाईला तहान मारणं काही अवघड नाही.

मुंबईला उतरताना डावा बूट पायात जाईना. मी मोजे घातलेल्या पायांनीच खाली आले, बूट हातात. नाना न्यायला आले होते. म्हणाले, "विलायतेहून आलीस का वारूळ तुडवून?" मी हसले. शीण आहे म्हटलं.

पाय चेपणं

शीणच म्हणत राहिलो. मुंबईहून जळगावला आले, कारण माझी आई भावाकडे अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला नातू वाचल्याचं माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तिथून पारोळ्यावरून बसनं धुळ्याला. बसमध्येही गुडघे पोटाशी. पोटरीत कोणी धुणं पिळत असल्यासारखं वाटत होतं.

सिंधूला आमच्याकडे आल्यापासून एक सवय. दिवेलागण झाली की माझे पाय मांडीवर घेऊन चेपायची. सुनेनं सासूचे पाय चेपावेत ही जगरहाटी आहे, पण आमच्यात तो बोलण्याचा वेळ होता. एरवी ती माझ्यासमोर मान वर करायची नाही.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "पाय इकडे करा, आत्याबाई. कितला सुजेल शे!"

आमच्या मोठ्या नणंदबाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात, घरातच असतात. त्यांनी तिळाचं तेल कोमट करून वाटीत आणून दिलं. सिंधू चेपू लागली. दुखत होतं, पण आपल्याकडे दुखणं म्हणजे गुण येतोय असंच समजतात. मी भास्करचं सांगत होते. पहिल्या दिवशी डोळे कसे उघडले, पेज कशी मागितली, तिथली पेज म्हणजे नुसती खळ, टाके काढताना माझा हात कसा धरला. ती ऐकत होती आणि चेपत होती. मी म्हटलं, आता पुरे. म्हणाली, "थोडंसं आखो," आणि चेपतच राहिली. दुसऱ्या संध्याकाळीही तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. एकाएकी उजव्या बरगडीखाली कोणी सुरी घातल्यासारखं झालं. श्वास घेतला की सुरी आणखी आत जायची. मी श्वास घ्यायचाच थांबवला. जुडी हातातून पडली एवढं आठवतं.

निदानाचा दिवस

मला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी छातीला नळी लावली, मग सगळं सोडून पायाकडे गेले. दोन्ही पोटऱ्या शिंप्यासारख्या फीत लावून मोजल्या. डावा तळवा वर वाकवला. मी ओरडले.

"लांबचा प्रवास झाला का?"

नानांनी सांगितलं. डॉक्टरांनी माझा पाय हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "बसून बसून पायाच्या शिरेत रक्त गोठलंय. त्या गुठळीचा एक तुकडा सुटून छातीत गेलाय. हा लहान होता. पाय जराही हलवायचा नाही." आणि मग, सहज विचारावं तसं, "पाय कोणी चोळला-बिळला नाही ना?"

डॉक्टर सोडून खोलीत आम्ही चौघं होतो. नाना आणि अक्का दोघांच्या माना एकाच वेळी सिंधूकडे वळल्या. ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. माझ्या छातीतल्या दुखण्यापेक्षा ते मला जास्त लागलं, आणि मी अतिशयोक्ती करणारी बाई नाही.

विटांवरची खाट

खाटेचे पायथ्याकडचे खूर विटांवर चढवले. डोकं खाली, पाय वर. जन्मभर पाय खाली ठेवायला शिकलेल्या बाईला हे बघायला लावलं. दिवसातून कितीदा तरी सुया. औषध मुंबईहून यायचं. नाना गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाऊन उभे राहायचे आणि पुडकं छातीशी धरून आणायचे. अंथरुणातच भांडं घ्यायचं. पहिल्यांदा मी रडले. नंतर रडायचंही त्राण राहिलं नाही.

भीतीबद्दल खरं सांगायचं तर ती गडगडत येत नाही. ती नुसती शेजारी बसून असते. मोठा तुकडा सुटला तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण वाक्य अर्धं सोडून ते खिडकीबाहेर बघायचे, त्यात सगळं आलं. मी प्रत्येक श्वास चाखून घ्यायची. खोकला आला की वाटायचं, हाच. आणि कंटाळा. मरणाच्या भीतीचाही कंटाळा येतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

शेजारच्या खाटेवर जमीलाबी होत्या. त्यांचा नवरा पिंजारी. माझ्या पायाखालची दवाखान्याची उशी भाकरीसारखी चपटी झाली होती. एके दिवशी जमीलाबींनी नवऱ्याला काहीतरी सांगितलं, तो सिस्टरांना विचारून उशी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पिंजून, नवा कापूस भरून घेऊन आला. इतकी हलकी, इतकी भरलेली. आमच्या मुलखात कापसाला काय तोटा, पण त्या कापसानं मला झोप दिली. एवढ्या आजारपणात मला सगळ्यात आधी काय आठवत असेल तर ती उशी.

सिंधू डबा घेऊन यायची आणि दारातच उभी राहायची. डबा सिस्टरांच्या हाती द्यायची. माझ्या खाटेपाशी येत नव्हती. घरी ती जेवत नाही असं नाना म्हणाले. आणि मग थोडं थांबून म्हणाले, "तिला काही दिवस शिंदखेड्याला पाठवावं का?"

अक्का तिथंच होत्या. त्यांनी तोंड उघडलं, "धाडीच द्या. हाई पोर सासूना जीव लेती व्हती."

मला बोलायला दम नव्हता. तरी म्हटलं, "अक्का, तेल कोणी गरम करून दिलं?"

त्यानंतर अक्का दोन खेपा आल्याच नाहीत. मला बरं वाटलं. पण पोरीला माहेरी पाठवायचं घाटतं आहे, ते काही या एका वाक्यानं टळणार नव्हतं. ती अशी गेली असती तर बोल कपाळावर घेऊनच गेली असती, आणि मी मेले असते तर तो पुसायला कोणी उरलं नसतं. मला जगायचं होतं त्याची बरीच कारणं होती. त्यातलं हे एक आता ठळक झालं.

डॉक्टरांना मी एकटं गाठलं. म्हटलं, "चेपल्यानंच तुकडा सुटला का? नाही म्हणा. तिच्यादेखत म्हणा."

ते म्हणाले, "बाई, गुठळी विमानात झाली एवढं मी सांगू शकतो. सुटली कशानं, ते सांगता येत नाही. चेपल्यानंही सुटते, नुसतं उठल्यानंही सुटते. जे मला माहीत नाही ते मी कसं सांगू?"

प्रामाणिक माणसाचा कधी कधी फार राग येतो.

दारातून आत

शेवटी जमीलाबींनीच ते सोडवलं. सिंधू दाराची चौकट धरून उभी होती. जमीलाबी म्हणाल्या, "अगे बेटी, दरवाजा गिरनेवाला नै. छोड उसको, अंदर आ."

सिंधूला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि रडताना दारात कसं उभं राहणार म्हणून ती आत आली. स्टुलावर बसली, पण डोक्याकडच्या बाजूला, पायापासून लांब.

"मना हातनं व्हयनं बठ्ठं," म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"कोनी म्हनाले नको. तुम्ही पुरे म्हने व्हतात. माले तेस्ना बारामा ऐकनं व्हतं, म्हनीसन मी चेपतच राहिनू."

म्हणजे मी थांब म्हटलं होतं. आणि हिला नवऱ्याबद्दल ऐकायचं होतं म्हणून ही थांबली नाही. पाय सोडला तर गोष्ट संपली असती. हे ती इतके दिवस एकटी घेऊन बसली होती.

माझ्याकडे तिला द्यायला डॉक्टरांचं 'नाही' नव्हतं. माझ्याकडे विमान होतं. ते मी सांगितलं. साहेब, गोळी, लांब केलेले पाय, न प्यायलेलं पाणी. नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला होता. डॉक्टर तर हसले होते. भास्कर ऐकेल तेव्हा तोही हसेल.

सिंधू हसली नाही. डोळे पुसून तिनं नीट विचार केला आणि म्हणाली, "झोपेल मानूसले कोन ओलांडस? मी बी नही ओलांडती."

माझ्या अख्ख्या आजारपणात मला मूर्ख न समजणारं हे एकच माणूस भेटलं. मी म्हटलं, "मग झालं तर. मी ओलांडलं नाही आणि तू सोडलं नाहीस. दोघी सारख्याच. आता जेव, नाहीतर मी औषध घेणार नाही." संध्याकाळी नाना आले तेव्हा त्यांना सांगितलं, सिंधू कुठं जायची नाही. ते बरं म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

घरी

बरं होणं म्हणजे सणासारखा एक दिवस उगवतो असं मला वाटायचं. तसं नसतं. सकाळी अंथरुणातच पाय उंच करून पट्टा गुंडाळायचा, घोट्यापासून वर, सुरकुती न पडता. थोडं चालायचं. दमायचं. पाय उशीवर टाकून पडायचं. त्यातच पावसाळा गेला, कपाशी फुटली, माझा पाय फुगायचा काही थांबला नाही. मी चिडचिडी झाले होते. नाना पाण्याचा तांब्या घेऊन मागे मागे फिरायचे, आणि मी त्यांच्यावर खेकसायची.

सिंधू सगळं करायची. पट्टा धुवायची, वाळवायची, गुंडाळी करून उशाशी ठेवायची. पायाला मात्र हात लावायची नाही. दिवाळीला सगळ्यांच्या पाया पडली. माझ्यापुढे वाकली आणि माझ्या पायांपासून वीतभर अलीकडे जमिनीला हात लावून कपाळाला नेले. मी पाहिलं. अशा गोष्टी बोलून होत नाहीत.

थंडीत भास्करचं पत्र आलं. त्याचं शिक्षण लांबलं होतं आणि त्यानं सिंधूला तिकडे बोलावलं होतं. विमानानंच. अक्का देवापाशी जाऊन बसल्या.

मी मात्र कामाला लागले. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच थकवा विसरले. बूट नवे नकोत, वापरून सैल झालेल्या चपला घे. मोजे घाल, पण रबर कापून. पाय अंगाखाली घ्यायचा नाही. बसल्या जागी बोटं हलवायची, टाचा उचलायच्या, शिवणयंत्राची पायपट्टी मारतो तशा. पाणी दिलं की प्यायचं, लाजायचं नाही. विमान उतरलं की कोणी म्हणो न म्हणो, खाली उतरायचं. जागा मागताना वाटेकडची माग. ती सगळ्याला हो म्हणत होती.

"आणि नाही मिळाली वाटेकडची? शेजारचा झोपला तर?"

ती मोज्याचं रबर ओढून बघू लागली.

"उठवशील?"

"माले इंग्रजी कोठे येस."

म्हणून मी माजघरात सतरंजी टाकली आणि उताणी पडले. पाय लांब केले, त्या साहेबासारखे, पट्टा बांधलेला डावाही.

"ओलांड मला."

"आत्याबाई, नको."

"ओलांड म्हणते ना. मी साहेब आहे. घोरते आहे."

अक्का दारात येऊन तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. सिंधूनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लुगडं जरा वर धरलं आणि माझ्या गुडघ्यांवरून पलीकडे गेली. क्षणभर तिथं थांबली. मग वळली आणि परत ओलांडून अलीकडे आली.

"आता हे कशाला? माझी काय वाढ व्हायची राहिली आहे?"

"तसं नही, आत्याबाई. उठीसन गये तरी परत आपला जागावर येनंच पडस ना? येतांना उलटं ओलांडाईच जास. मंग दोष कसाना?"

मी सतरंजीवर तशीच पडून राहिले. आढ्याकडे बघत होते. जायचं म्हणजे यायचं, आणि यायचं म्हणजे फिटलं. शाळेत पोरींना मी जन्मभर हिशेब शिकवले, आणि एवढा एक मला खिडकीशी बसून सुटला नव्हता. हसू आलं. डोळ्यांतून पाणी कानात गेलं.

पण ती परत येताना तिचं पाऊल माझ्या डाव्या पायाला लागलं होतं. पाय लागला की आपण विचार करत नाही. हात आपोआप खाली जातो. तिचाही गेला. पट्ट्यावर बोटं टेकली, कपाळाला लागली, आणि मग आपण काय केलं ते तिला कळलं. ती तशीच ओणवी राहिली.

"चेपायचा नाही," मी म्हटलं. "नुसता ठेव."

तिनं हात ठेवला. आणि भास्करनं शुद्धीवर आल्यावर पहिलं कोणाचं नाव घेतलं होतं, ते त्या दोन संध्याकाळी सांगायचं राहून गेलं होतं, ते मी तिला सांगितलं.